तेहतीस वर्षांत ८,४१२ किलोमीटर : चालवू की झाकून ठेवू?

मागचं_चाक (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. आता डोक्याला भुंगा लागलाय म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात एक गाडी घेतली. १९९१ ची, दोन सीटची, कापडी छपराची, १६०० सीसी, मागच्या चाकांवर चालणारी. दिवे लावले की बॉनेटमधून डोळे वर येतात. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत भक्त आणि निंदक एकमेकांच्या उरावर बसतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

मीटरवर आकडा आहे ८,४१२. किलोमीटरच. पहिल्या मालकाकडूनच घेतली, आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. हौसेनं घेतली, काही वर्षं अधूनमधून चालवली, मग पाठीनं दगा दिला. इतक्या खाली बसणं जमायचं, उठणं जमेना. विकवेना म्हणून झाकून ठेवली. मधूनमधून सेल्फ मारून पाच मिनिटं चालू ठेवायचे, तेही गेल्या काही वर्षांत बंद झालं होतं. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "दोन्ही दिवे वर येतात का बघितलंत?" एक येतो. दुसरा अर्ध्यावर थांबून विचार करतो.

आता अडचण अशी. मी जी रक्कम मोजली तिच्यातला मोठा वाटा गाडीचा नाही, त्या चार आकड्यांचा आहे. भावाकडे हेच मॉडेल, हेच साल, पण १,८०,००० फिरलेलं. ते झक्कास चालतं आणि त्यात बसल्यावर मनात काही येत नाही. माझ्या गाडीत नुसतं बसलं तरी टॅक्सीचा मीटर पडल्यासारखं वाटतं. गाडी माझी, आणि भाडंही मीच भरतोय.

अजून चालू केलेली नाही, ट्रेलरवरून आणली. चालवू की तशीच जपू? आणि चालवायची तर सुरुवात कुठून करू?

---

ग्रीसमाखला

अभिनंदन! आणि सर्वात आधी एक विनंती : सेल्फ मारू नका. अजून मारला नाहीत हे फार चांगलं केलंत. लोक गाडी घरी आणतात, नवी बॅटरी लावतात, किल्ली फिरवतात आणि दोन तासांत बिल वाढवून ठेवतात.

इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर तेल राहिलेलं नसतं, सगळं निथळून तळाशी गेलेलं असतं. आधी जुनं इंजिन ऑइल काढा, नवं भरा, फिल्टर बदला. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या टोकाला पट्टे फिरवणाऱ्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका, थांबा. मोकळं फिरलं तर प्लग बाहेरच ठेवून, इग्निशन आणि पेट्रोल तोडून, सेल्फवर फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत.

पेट्रोल टाकीत जुनं असेल तर संपूर्ण काढा. वास घ्या, वार्निशसारखा आंबूस येत असेल तर पंप आणि इंजेक्टरसुद्धा बघावे लागतील. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) बदला. फक्त ८,४१२ झालेत म्हणून सोडू नका. बेल्टची मुदत किलोमीटरमध्ये असते तशी वर्षांतही असते, तुमच्या बेल्टची केव्हाच संपली. बेल्ट उघडलाच आहे तर वॉटर पंपही. कूलंटचे होज पाइप दाबून बघा. दाबल्यावर करकर आवाज आला तर सगळे बदला.

ब्रेक ऑइल तर आधी. ते पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं तेल किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटातून उतरताना तेलात वाफ झाली की पेडल थेट जमिनीला लागतं.

टायरचं सांगा. साइडवॉलवर तारखेचे किती आकडे आहेत?

---

मागचं_चाक

ग्रीसमाखला, दंडवत घ्या. टायरवर तीनच आकडे दिसले. २३१. काही कळलं नाही.

---

ग्रीसमाखला

कळलं असतं तर घामच फुटला असता. २००० सालापासून टायरवर चार आकडे येतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. तीन आकडे म्हणजे त्याआधीचा टायर. तुमचा १९९१ च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे कारखान्यातून गाडीबरोबर आलेला. नक्षी नव्यासारखी असेल, रबर मात्र लाकूड झालेलं असणार. त्या टायरवर गाडी गेटबाहेर काढू नका.

२०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर पोर्शे कॅरेरा जीटी या स्पोर्ट्स गाडीच्या ज्या अपघातात वारला, त्याच्या पोलिस तपासात अतिवेग हे मुख्य कारण होतंच, पण त्याबरोबर नऊ वर्षं जुन्या टायरचाही उल्लेख होता. तुमचे तर तेहतीस वर्षांचे आहेत.

---

शोकेस

ग्रीसमाखला यांचा आदर आहे, पण या धाग्यावर कुणीतरी उलट बाजू मांडायलाच हवी.

चालवू नका. किमान घाईनं तरी चालवू नका. १,८०,००० चालवलेली गाडी तुमच्या भावाकडे आहे, तशा गाड्या अजूनही हवी तेव्हा मिळतील. ८,४१२ वाली पुन्हा मिळणार नाही. रंग पुन्हा मारता येतो, सीट पुन्हा शिवता येते, इंजिन पुन्हा बांधता येतं. पण कारखान्यातल्या माणसानं शेवटचा आवळलेला बोल्ट, त्यावरची रंगीत खूण, हे एकदा पुसलं की गेलं. पुढे कुणाला याच मॉडेलची नेमकी मूळ अवस्था बघायची असेल तर तो कुठे बघणार? तुमच्याच गाडीत.

२०२१ मध्ये एक मॅक्लारेन एफ१ ही सुपरकार लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. फिरली होती ३८७ किलोमीटर. असल्या गाड्या एकूण १०६ च बनल्या. लोक हसतात की एवढी भन्नाट गाडी आणि कोणी चालवलीच नाही. मला हसू येत नाही. बाकीच्या १०५ कशा होत्या हे त्या एकीमुळे कळतं.

---

ग्रीसमाखला

शोकेसराव, बोल्टवरच्या खुणेबद्दल सहमत. पण गाडी झाकली म्हणजे थांबली, हे तुम्ही गृहीत धरताय. रबराला मीटर वाचता येत नाही. क्रँकच्या टोकाचं ऑइल सील तेलात भिजलेलं राहतं तोवर मऊ असतं, कोरडं पडलं की आक्रसतं. ब्रेक कॅलिपरचा पिस्टन हलला नाही की गंजून जागीच बसतो. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. हँडब्रेक ओढून ठेवली असेल तर तीही अडकते. शिवाय एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार. न चालवलेली गाडीसुद्धा वापरली जातच असते, फक्त ती काळ वापरतो आणि त्याची नोंद कुठल्या मीटरवर होत नाही.

---

दुसरा_गिअर

+१. वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

संशयी

रंगाचा बेरंग करायचा नाहीये, पण मुळात ८,४१२ खरं कशावरून? १९९१ ची गाडी, वर्णनावरून ओळखली, नाव मीही घेत नाही. तिचा स्पीडोमीटर केबलवर चालतो. केबल सोडवली की गाडी जगप्रदक्षिणा घालून येते आणि मीटर जिथल्या तिथे. मीटरचा अख्खा डबासुद्धा बदलता येतो.

मीटर सोडा, बाकीचं बघा. क्लच पेडलच्या रबराच्या कडा झिजल्यात का? ड्रायव्हर सीटचा दरवाजाकडचा फुगवटा दबलाय का? स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवतो तिथे चकाकतंय का? गिअर नॉबवरचे आकडे? दरवाजाच्या बिजागरीत ढिलाई? किल्ली लावतो त्या भोकाभोवती किल्ल्यांच्या जुडग्याचे ओरखडे? एवढी सगळी साक्ष खोटी पाडणं कुणाला परवडत नाही.

---

मागचं_चाक

संशयी, तुमचा प्रतिसाद वाचून टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो.

क्लच पेडलच्या रबरावर साच्याची रेघ अजून हाताला लागते. ब्रेकच्या पेडलवर किंचित पुसलीय. सीटचा फुगवटा ताठ. स्टिअरिंग चकाकत नाही. किल्लीच्या भोकाभोवती एक बारीक अर्धचंद्र आहे, आजोबांच्या कीचेनला धातूची गोल चकती होती, तिचाच. सर्व्हिस पुस्तकात चार शिक्के, शेवटचा ७,९०० ला.

पण सगळ्यात भारी साक्ष आहे टायरची. पाचही २३१. स्टेपनीसुद्धा. जमिनीवरच्या चार टायरांची नक्षी अगदी थोडी झिजलेली आणि चौघांची सारखी. लाखभर किलोमीटर झाले असते तर हे टायर उरलेच नसते. म्हणजे गंमत बघा : ज्या टायरवर गाडी चालवणं धोक्याचं, तेच टायर गाडी चाललेली नाही याचा पुरावा. ते काढले की माझ्या आकड्याचा निम्मा साक्षीदार गेला.

---

शोकेस

काढा, पण टाकू नका! प्रत्येकावर खडूनं जागा लिहा, पुढचं डावं, मागचं उजवं. उजेडापासून लांब, आडवे रचून ठेवा. जुना बेल्ट, जुने होज, जुने प्लग, निघालेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून तारीख टाका. काढण्याआधी जागेवरचे फोटो. चालवायचीच असेल तर निदान एवढं करा.

(बघा, मी किती लवकर वितळलो.)

---

गिअरकाकू

ज्याच्यावर कुणी बोललं नाही ते सांगते. विमा. जुन्या गाड्यांसाठी आधीच ठरलेल्या किमतीचा विमा बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो घ्या, नाहीतर अपघातानंतर गाडीची किंमत तेहतीस वर्षं जुन्या भंगाराएवढी धरतील. त्यात वर्षाला किती किलोमीटर चालवायची याची मर्यादा असू शकते, ती वाचा. तुम्हाला ती अडचणीची होणार नाहीच म्हणा.

दुसरं, छपराच्या घडीतून पाणी खाली जायला सीटमागे दोन्ही बाजूंना भोकं असतात. त्यात पाचोळा अडकला की पाणी दरवाजाखालच्या पोकळीत साठतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पातळ लवचीक दांडी घालून मोकळी करा, मग कपभर पाणी ओतून जमिनीवर पडतं का बघा. माझ्या गाडीला हे वेळेवर केलं नाही. अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा आत गेला.

---

मागचं_चाक

भोकं मोकळी केली, काकू. डाव्या बाजूचं पाणी लगेच आलं, उजव्याचं मिनिटभरानं, सोबत काळा चिखल आणि एक मेलेली माशी. पत्रा ठणठणीत आहे.

आता मुख्य बातमी. बेल्ट, पंप, होज, ब्रेक ऑइल, टायर, सगळं झालं. ब्रेकचे रबरी पाइपही बदलले. बॅटरी डिकीत असते, त्यामुळे तिचा वायू बाहेर नेणारी नळी नीट बसवली. आणि काल चालू केली.

प्लग बाहेर ठेवून, कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढून (म्हणजे इग्निशन आणि पेट्रोल दोन्ही बंद), सेल्फ मारला. भाऊ वाकून कान लावून उभा. माझं लक्ष ऑइल प्रेशरच्या काट्यावर. दहा सेकंद, काही नाही. थांबलो, सेल्फ गार होऊ दिला. पुन्हा दहा, काही नाही. तिसऱ्या वेळी काटा आळस दिल्यासारखा उचलला गेला आणि थरथरत वर जाऊन थांबला. भाऊ म्हणाला, "हं." त्याच्या भाषेत हा फटाका आहे.

मग प्लग बसवले, कनेक्टर जोडला, किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्यात सुरू! सायलेन्सरमधून आधी आजोबांच्या काळातला निळा धूर, आपण सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल. आणि वरून टक टक टक टक, शिवणयंत्रासारखं. माझा चेहरा पडला. भावानं आपल्या गाडीच्या अनुभवावरून सांगितलं की हायड्रॉलिक टॅपेट (झडपा उघडणारे, तेलानं भरलेले छोटे दट्टे) आहेत, उभ्या गाडीत त्यांच्यातलं तेल निघून जातं, भरलं की गप्प बसतील. वीस मिनिटं गल्लीतून हळूहळू फिरवली. एक-एक करून गप्प झाले. शेवटचा मात्र बराच वेळ एकटाच बोलत होता.

मीटर : ८,४१९.

---

लांबपल्ला

वा! अंगावर काटा आला. आता चालवताना एक चूक करू नका, आजोबा करायचे तीच. महिन्यातून पाच मिनिटं जागेवर चालू ठेवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. गार असेल तर सायलेन्सरमध्ये आणि थोडं तेलात राहतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट मलई साठते ती त्याचीच. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नका, तेल त्याच्या बरंच मागे असतं. म्हणून बाहेर काढायची तर अर्धा-पाऊण तास सलग चालवायची, नाहीतर हातच लावायचा नाही.

१९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचं उदाहरण बघा, वर उघडणाऱ्या पंखांच्या दरवाजांची. पेट्रोलचं यांत्रिक इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये. इग्निशन बंद केलं तरी इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारत राहायचा. ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली नेई आणि सगळं तेल पातळ करी. त्यात तेलाचा साठा जवळपास दहा लिटर, छोट्या चकरांत तो तापायचाच नाही. म्हणजे जपून थोडी-थोडी चालवणाऱ्या मालकाच्या इंजिनाला जास्त त्रास.

आणि दुसरं टोक म्हणजे अर्व गॉर्डन. अमेरिकेतले शिक्षक, १९६६ ची व्होल्वो १८००एस, तीही दोन दरवाजांची स्पोर्ट्स गाडीच. २०१३ मध्ये तिनं ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. एकाच मालकानं!

---

शोकेस

गॉर्डन यांना सलाम, पण त्यांच्या गाडीचं इंजिन वाटेत उघडून नव्यानं बांधावं लागलंच होतं. मग त्यातलं १९६६ चं किती उरलं? प्रश्न खवचट नाही, खरंच विचारतोय.

---

लांबपल्ला

मालक १९६६ चा होता ना.

---

संशयी

शोकेसराव, यावर उत्तर आहे?

---

शोकेस

नाही. उद्या सुचेल.

---

मागचं_चाक

तीन महिन्यांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

दर रविवारी पहाटे काढतो, तासभर. पहिले काही रविवार वाईट गेले. डोळा रस्त्यावर कमी, मीटरवर जास्त. एकदा वळण चुकलो तर अकरा किलोमीटर वाया गेले असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. कुठे उभी करायची म्हटलं की शेजारच्या गाडीचा दरवाजा कसा उघडेल याचा हिशोब. एकदा पाऊस आला आणि मी चाळिशीतला माणूस एका पुलाखाली वीस मिनिटं थांबलो. शेजारी स्कूटरवाले थांबले होते, त्यांच्याशी गप्पा छान झाल्या.

मग एका रविवारी क्लच पेडल सैल लागलं. गिअर पडेना. बाजूला घेतली, पेडल चार वेळा पंप केलं तेव्हा पडला. घरी येऊन बघतो तर गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) ओला. आतलं रबर वयानं गेलेलं. मी तो बदलताना रेडिएटरकडेही लक्ष गेलं, वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची शेवाळी झालीय. भाऊ म्हणाला, तपकिरी झाली की फुटते, आत्ताच बदल. बदलला. दोन्ही जुन्या वस्तू पिशवीत, तारखेसह, शोकेसरावांच्या आज्ञेवरून. पिशव्यांचं आता एक वेगळं कपाट झालंय आणि घरात त्यावरून दोनदा बोलणी झाली आहेत.

पण त्या दुरुस्तीनंतर काहीतरी सुटलं. स्वतः पाना लावून, कोपर खरचटून घेतल्यावर ती आजोबांची आणि लिलावाची राहिली नाही. गाडी टनाच्या आत, पॉवर स्टिअरिंग नाही. रस्त्यावरची बारीक खडी हाताला समजते. सत्तरच्या वेगात दुसऱ्यातून तिसरा टाकताना गिअरचा दांडा मनगटानंच जातो, खांदा हलत नाही. भावाच्या गाडीत तोच दांडा थोडा डुलतो. म्हणजे ८,४१२ चा खरा अर्थ मला तिथे कळला. तो आकडा मीटरवर बघायचा नव्हता, हातात होता. झाकून ठेवली असती तर हे मला कधी कळलंच नसतं, आणि पुढच्या मालकालाही मी फक्त आकडाच विकला असता.

आजोबांना एकदा फिरवून आणलं. बसताना मी आणि त्यांचा मुलगा, दोघांनी धरलं. ते पूर्ण वेळ गप्प. उतरताना म्हणाले, "डावा दिवा अजून उशिरा येतो." येतो. त्याची मोटर उघडायची राहिलीय.

९,००० कधी झाले ते बघायचं ठरवलं होतं, फोटो काढणार होतो. एका ट्रकच्या मागे अडकलो होतो आणि पुढे रस्ता मोकळा दिसला. घरी येऊन बघतो तर ९,०१४.

एक प्रश्न : मागची प्लॅस्टिकची काच पिवळट पडत चाललीय आणि छप्पर खाली घेताना मध्ये मोडते. काय करावं?

---

गिअरकाकू

मोडते कारण तुम्ही काच न सोडवता छप्पर पाडताय! आधी काचेची चेन पूर्ण उघडा, काच सपाट खाली टाका, त्यावर जुना मऊ टॉवेल, मग छप्पर. आणि थंडीत अजिबात नाही, प्लॅस्टिक कडक असतं, तडकतं. पिवळेपणाला प्लॅस्टिकचं पॉलिश थोडं चालतं, फार आशा ठेवू नका.

---

शोकेस

आणि काच बदललीत तर जुनी...

---

मागचं_चाक

पिशवीत. कळलं.